‘आर्टिफॅक्ट’ समोर आला की अर्थ कसा लावायचा

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणं हे माझं रोजचं काम. संग्रहालयातल्या पाट्या, वैद्यकीय माहितीपत्रकं, सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका, विज्ञानावरचे लेख असं सगळं माझ्याकडे येतं. या सगळ्यांत एक शब्द सतत भेटतो आणि जाईल तिथे वेगळा वागतो: आर्टिफॅक्ट. पुरातत्त्वाच्या लेखात तो मौल्यवान ठेवा असतो, एमआरआयच्या अहवालात नको असलेला पट्टा असतो आणि सॉफ्टवेअरवाल्यांकडे नुसती एक फाइल असते. शब्दकोशात ‘मानवनिर्मित वस्तू’ एवढंच दिलेलं असतं. ते एमआरआयच्या वाक्यात घालून बघा, वाक्याला काही अर्थच उरत नाही.

मला हा शब्द फार आवडतो, कारण त्याचे सगळे अर्थ एकाच मुळाशी बांधलेले आहेत. ते मूळ कळलं की बहुतेक वेळा कोश उघडावा लागत नाही. मी काम करताना जशी जाते, त्याच क्रमाने सांगते.

आधी शब्द फोडून बघा

लॅटिनमध्ये ‘आर्स’ म्हणजे कसब, हातातलं कौशल्य. त्याचं ‘आर्ते’ हे रूप आपल्या तृतीयेसारखं: कसबाने. ‘फाकेरे’ म्हणजे करणं आणि ‘फाक्तुम’ म्हणजे केलेलं. दोन्ही जोडा: कसबाने केलेलं. इटालियनमध्ये याचा ‘आर्तेफात्तो’ झाला आणि इंग्रजीत या शब्दाने खरा जम बसवला तो १९व्या शतकात.

इथे पहिली काळजी घ्यायची ती ‘आर्ट’ची. आज आर्ट म्हटलं की चित्र आणि शिल्प डोळ्यांपुढे येतं, म्हणून बरेच जण आर्टिफॅक्टचं भाषांतर ‘कलाकृती’ करून मोकळे होतात. लॅटिन ‘आर्स’मध्ये चांभाराचं कामही येतं आणि वैद्याचंही. खापराचा फुटका तुकडा, गंजलेला खिळा, दगडाचा छिलका ही सगळी आर्टिफॅक्टं आहेत आणि यांतलं एकही कलाकृती नाही. मूर्ती किंवा चित्र असेल तर ‘कलाकृती’ जरूर लिहा, पण ते त्या वस्तूकडे बघून लिहा, शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर भिस्त ठेवून नको.

‘फाकेरे’चं गोत इंग्रजीत अफाट आहे. फॅक्ट म्हणजे मुळात ‘केलेली गोष्ट’. मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने केलेलं, परफेक्ट म्हणजे शेवटपर्यंत केलेलं, डिफेक्ट म्हणजे करण्यात राहिलेली उणीव. फेटिश हा शब्दही याच घरातला. लॅटिन ‘फाक्तिकिउस’, म्हणजे बनवलेलं, त्याचा पोर्तुगीज ‘फेइतिसो’ झाला, आणि पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांच्या पूज्य वस्तूंना तेच म्हणू लागले. त्याहून मागे गेलं तर ‘फाकेरे’ आणि संस्कृतातला ‘धा’ धातू यांचं मूळ एकच निघतं. विधान, निधी, संधी, संहिता हे आपले रोजचे शब्द म्हणजे आर्टिफॅक्टचे दूरचे नातलग.

‘कृत्रिम’ आठवा, अर्धं काम होतं

मराठी वाचकाकडे हा शब्द समजून घ्यायला एक तयार साधन आहे. ‘कृत्रिम’ कसा बनला ते पाहा. ‘कृ’ धातूपासून, ‘करण्यातून निर्माण झालेलं’ या अर्थी. पाणिनीने यासाठी खास प्रत्यय सांगितला आहे आणि त्याच साच्यातून ‘पक्त्रिम’ही निघतो: शिजवण्यातून सिद्ध झालेलं. म्हणजे मुळात कृत्रिममध्ये खोटेपणाचा लवलेश नाही. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार आहेत, त्यांत एक कृत्रिम पुत्र आहे. तो खोटा मुलगा नव्हे, जन्माने नसलेला पण आपला म्हणून केलेला मुलगा.

पुढे कृत्रिमला दुसरी छटा चिकटली. कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई: वरवरचं, मुद्दाम उभं केलेलं. ‘आर्टिफिशियल’चा प्रवास हुबेहूब असाच आहे. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत एखाद्याचं काम आर्टिफिशियल आहे असं म्हणणं ही कौतुकाची थाप असे, म्हणजे कसबी काम. ‘केलेलं’ पासून ‘खरं नसलेलं’ पर्यंतची ही घसरण दोन्ही भाषांत झाली आणि आर्टिफॅक्टचे दोन मुख्य अर्थ याच उताराच्या दोन टोकांना उभे आहेत. एका टोकाला घडवलेली वस्तू, दुसऱ्या टोकाला यंत्रामुळे दिसलेला आभास.

मग दोन प्रश्न विचारा

वाक्यात शब्द आला की मी हे दोन प्रश्न विचारते. पहिला: हे आधीपासून तिथे होतं, की कुणाच्या तरी करण्यामुळे आलं? दुसरा: ते ठरवून केलं, की दुसरं काही करता करता झालं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या अर्थांत सारखंच येतं: करण्यामुळे आलं. तो शब्दाचा गाभा. खरा फरक पडतो तो दुसऱ्या प्रश्नाने.

पहिला प्रश्न फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने त्यासाठी अँटिफॉन या ग्रीक विचारवंताचं एक उदाहरण दिलंय, ते माझ्या डोक्यातून जात नाही. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि कुजता कुजता त्याला कोंब फुटला, तर काय उगवेल? पलंग नाही, झाड. लाकूडपण आतून आलेलं, पलंगपण सुताराने वरून दिलेलं. वस्तूतलं काय काढून घेतलं की तिच्यातला माणूस निघून जातो, हे शोधायचं असेल तर हा पुरलेला पलंग आठवायचा.

युरोपातल्या जुन्या संग्राहकांनीही हीच रेघ ओढली होती. लंडनच्या जॉन ट्रेडस्कँट यांनी १६५६ मध्ये आपल्या संग्रहाची यादी छापली, तेव्हा तिची मांडणी नैसर्गिक वस्तू आणि माणसाने घडवलेल्या वस्तू अशीच होती. हाच संग्रह पुढे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा पाया झाला. १८व्या शतकात कॅप्टन कुकच्या सफरींतून आलेल्या होड्या, टोप्या आणि हत्यारांना ‘आर्टिफिशियल क्युरिऑसिटीज’ म्हणत. त्या काळचं लिखाण भाषांतराला आलं तर ‘कृत्रिम चमत्कार’ असं चुकूनही लिहू नका, तिथे ‘मानवनिर्मित नवलाच्या वस्तू’ असंच हवं.

पुरातत्त्वात: हात लागला होता का?

उत्खननाच्या अहवालात आर्टिफॅक्ट म्हणजे माणसाने घडवलेली किंवा वापरून बदललेली, उचलून नेता येईल अशी वस्तू. ‘उचलून नेता येईल’ हे विसरू नका, कारण शेजारी आणखी दोन शब्द हमखास येतात. चूल, खड्डा, खांब रोवलेल्या जागेचा डाग ही माणसाचीच कामं, पण जागेवरून हलवली की मोडणारी. त्यांना ‘फीचर’ म्हणतात. दुसरा ‘इकोफॅक्ट’. बिया, परागकण, हाडं यांसारखे माणसाच्या वावराबद्दल सांगणारे नैसर्गिक अवशेष. तिन्हींना सरसकट ‘अवशेष’ लिहिलं तर अहवालाचा कणाच मोडतो. मी आर्टिफॅक्टला ‘पुरावस्तू’, फीचरला ‘स्थिर रचना’ आणि इकोफॅक्टला ‘जैविक अवशेष’ लिहिते. हाड कोरून सुई केली असेल तर मात्र ती पुरावस्तू.

हात लागला की नाही हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये केंट परगण्यात सापडलेल्या, कडा तुटलेल्या गारगोट्यांना ‘इओलिथ’, म्हणजे मानवाची अगदी पहाटेची हत्यारं, असं नाव मिळालं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. जमिनीखालच्या दाबानेही गारगोटीच्या कडा तशाच तुटतात हे हळूहळू दाखवून दिलं गेलं आणि इओलिथ हत्यारांच्या यादीतून बाहेर पडले.

मग ओळखायचं कसं? दगडावर नेमका ठोका दिला की छिलक्याच्या आतल्या बाजूला, ठोक्याच्या बिंदूखाली, एक फुगवटा येतो. तिथून बाहेर पसरत जाणाऱ्या मंद लाटांसारख्या रेषा दिसतात. एक असा छिलका निसर्गातही निघू शकतो. पण एकाच दगडावर, सोयीच्या कोनातून, ओळीने छिलके काढलेले दिसले की हाताची शक्यता वाढते. केनियातल्या लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं, २०१५ मध्ये जाहीर झालेली, अशाच खुणांवरून ओळखली गेली.

आणि मग २०१६ मध्ये या खुणांनाही धक्का बसला. ब्राझीलच्या सेरा दा कापिव्हारा राष्ट्रीय उद्यानातली कापुचिन माकडं दगडावर दगड आपटतात. त्यातून धारदार छिलके उडतात, दिसायला थेट आदिमानवाच्या छिलक्यांसारखे. माकडं ते छिलके कापायला वापरत नाहीत, फुटलेला दगड चाटतात. इथे दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व कळतं. छिलका तोच, खुणा त्याच, पण ठरवून काढलेला नाही. आता संशोधक नुसत्या छिलक्यावर समाधान मानत नाहीत. सोबत काय सापडलं, हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत का, हेही बघतात.

याच्या उलट टोकाचा दगड दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगाट इथे १९२५ मध्ये मिळाला. तांबूस जास्पराइटचा गोटा, त्यावर दोन खळगे डोळ्यांसारखे आणि खाली तोंडासारखी चीर. हे खळगे कुणी कोरलेले नाहीत, निसर्गानेच झालेत. पण ज्या गुहेत तो ऑस्ट्रेलोपिथेकस या आदिमानवाच्याही आधीच्या मानवसदृश प्राण्याच्या हाडांबरोबर मिळाला तिथला तो दगडच नव्हे; कुणीतरी तो दुरून उचलून आणला असावा, सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी. घडवलेला नाही म्हणून आर्टिफॅक्ट म्हणता येत नाही, आणि नुसता दगड म्हणून सोडूनही देता येत नाही. यासाठी ‘मॅन्युपोर्ट’ असा वेगळा शब्द आहे: हाताने वाहून आणलेलं. मी ‘आणलेली नैसर्गिक वस्तू’ असं साधं लिहिते. ज्या कुणी तो उचलला, त्याला त्यात चेहरा दिसला असेल का, हा प्रश्न मला त्या पाटीवर काम करताना खूप वेळ सोडत नव्हता.

वैद्यकात: शरीरात नाही, चित्रात आहे

आता उताराचं दुसरं टोक. एखाद्याच्या स्कॅनच्या अहवालात ‘मोशन आर्टिफॅक्ट’ असं दिसलं आणि त्याने घाबरून अर्थ विचारला, तर आधी एवढं सांगा: ही गोष्ट शरीरात सापडलेली नाही, ती चित्र काढण्याच्या प्रक्रियेतून चित्रात आली आहे. एमआरआय चालू असताना माणूस हलला किंवा त्याने खोल श्वास घेतला की चित्रात अवयवाच्या कडेच्या फिकट नकला उमटतात. सीटी स्कॅनमध्ये दातातलं किंवा सांध्यातलं धातूचं रोपण किरणांच्या वाटेत आलं की तिथून काळे-पांढरे पट्टे फाकतात. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा: या पट्ट्यांमुळे बघायचा भाग झाकला गेलाय का, आणि तपासणी पुन्हा करावी लागेल का?

ईसीजीमध्ये हे आणखी नाजूक असतं. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा कापतो. हृदयाच्या ‘एट्रियल फ्लटर’ या विकारात कर्णिका, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, मिनिटाला सुमारे ३०० वेळा आकुंचन पावतात, म्हणजे सेकंदाला ५. आलेखावर दोन्हींचे दात जवळजवळ सारखेच दिसतात. हाताचं कापणं हृदयाचा आजार म्हणून वाचलं जाऊ शकतं. म्हणून या संदर्भात ‘मानवनिर्मित वस्तू’ तर नाहीच, ‘अडथळा’ हा शब्दही अपुरा पडतो. मी ‘तांत्रिक आभास’ लिहिते. आभास म्हटलं की दिसतंय पण तिथे नाही, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

‘दोष’ हा शब्द बरेच जण वापरतात. मी तो टाळते, आणि त्याला ठोस कारण आहे. सोनोग्राफीत पित्ताशयातला खडा पडद्यावर पांढरा ठिपका म्हणून दिसतो आणि त्याच्यामागे काळी सरळ सावली पडते. ध्वनीलहरी खड्यापलीकडे जातच नाहीत, म्हणून मागचा भाग काळा. ती सावली शरीरात कुठेही नाही, म्हणजे व्याख्येने तो आर्टिफॅक्ट. पण त्या सावलीवरूनच डॉक्टर ओळखतात की ठिपका खड्याचा आहे. फुप्फुसाच्या सोनोग्राफीतल्या ‘बी लाइन्स’ही असेच आभास, आणि फुप्फुसात पाणी साठल्याची खूण म्हणून त्याच मोजतात. जे निदानाला मदत करतं त्याला दोष कसं म्हणणार?

प्रयोगशाळेतला एक आभास मात्र बराच काळ खरा मानला गेला. १९५०–६०च्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूंच्या पटलाला आत वळलेल्या घड्या दिसल्या. त्यांना ‘मेसोसोम’ नाव पडलं, कामं ठरली, पाठ्यपुस्तकांत आकृत्या आल्या. जीवाणू रसायनांनी स्थिर करण्याऐवजी झटकन गोठवून बघायची पद्धत आली तशा त्या घड्या दिसेनाशा झाल्या. त्या घड्या नमुना तयार करण्याच्या रसायनांनी पाडल्या होत्या. अजूनही काही जुन्या पुस्तकांत मेसोसोम सापडतो. भाषांतर करताना भेटला तर संपादकाला जरूर कळवा.

सांख्यिकीतही हाच अर्थ लागू होतो. एखादा निष्कर्ष ‘स्टॅटिस्टिकल आर्टिफॅक्ट’ आहे म्हणजे तो जगातून आलेला नाही, मोजण्याच्या किंवा निवडण्याच्या पद्धतीतून आला आहे. सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं वेगळी काढून पुन्हा परीक्षा घेतली, तर काहीही न शिकवता त्यांची सरासरी थोडी वर येते, कारण पहिल्या खेपेला वाईट दिवस गेलेलीही त्यांत असतात. शिकवणीचं श्रेय घेण्याआधी हे तपासलं पाहिजे. इथे मी ‘पद्धतीतून आलेला आभास’ असं लांबलचक पण स्वच्छ लिहिते.

फोटोत, सॉफ्टवेअरमध्ये आणि इतरत्र

जास्त दाबून लहान केलेल्या फोटोत आकाशात चौकटी दिसतात, अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके दिसतात. जेपेग पद्धत चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील वेगवेगळा टाकून देते. दाब वाढला की शेजारच्या चौकोनांचा मेळ तुटतो आणि शिवण उघडी पडते. हे ‘कॉम्प्रेशन आर्टिफॅक्ट’. मराठीत ‘दाबामुळे आलेले चौकटी डाग’ लिहिलं तरी चालतं.

सॉफ्टवेअरमध्ये ‘बिल्ड आर्टिफॅक्ट’ म्हणजे कोडवर प्रक्रिया होऊन तयार झालेली, पुढे पाठवायची फाइल. आभासाचा इथे काही संबंध नाही. ‘तयार फाइल’ किंवा ‘निर्मित फाइल’ म्हणा. स्क्रम या टीमच्या कामाच्या पद्धतीत प्रॉडक्ट बॅकलॉग (करायच्या सगळ्या कामांची यादी), स्प्रिंट बॅकलॉग (चालू टप्प्यातली कामं) आणि इन्क्रिमेंट (टप्प्यात तयार झालेला भाग) या तिघांना आर्टिफॅक्ट म्हणतात. तिथे मूळ शब्दच ठेवते, कारण टीममधले सगळे तोच वापरतात. खेळांत आणि कल्पनारम्य कथांत जादुई शक्ती असलेली जुनी वस्तू म्हणजे आर्टिफॅक्ट. ‘सिद्ध वस्तू’ मला आवडतो.

मापनशास्त्रातला अर्थ मात्र थांबून बघण्यासारखा. १८८९ पासून किलोग्रॅमची व्याख्या एका वस्तूवर उभी होती: पॅरिसजवळच्या सेव्र इथे ठेवलेला, प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा, सुमारे ३९ मिलिमीटर उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा एक दंडगोल. त्याचं वजन किती, या प्रश्नाचं उत्तर व्याख्येनेच एक किलोग्रॅम. त्याच्या नकलांशी ताडून बघताना दशकानुदशकं सूक्ष्म फरक पडत गेला, पण मूळ दंडगोल हलका झाला की नकला जड झाल्या, हे सांगायला दुसरं काही मापच नव्हतं. २० मे २०१९ पासून व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका कधीच न बदलणाऱ्या संख्येवर, आली. अशा लेखात ‘आर्टिफॅक्ट’ दिसला तर ‘मानक वस्तू’ लिहा. इथे वस्तू असणं हीच अडचण होती.

शेजारचे शब्द बघा

संदर्भ तुटका असेल, नुसतं एकच वाक्य हाती असेल, तरी शेजारचे शब्द बरंच सांगून जातात. सापडला, खणून काढला, प्रदर्शनात ठेवला अशी क्रियापदं असतील तर वस्तू. ‘ड्यू टू’, ‘रिड्यूस’, ‘सप्रेस’ असं काही असेल तर आभास. ‘डिप्लॉय’, ‘स्टोअर’, ‘व्हर्जन’ असेल तर फाइल. ‘आर्टिफॅक्ट ऑफ’ दिसलं की जरा थांबा: ‘ॲन आर्टिफॅक्ट ऑफ द मेथड’ म्हणजे पद्धतीतून आलेला आभास, पण ‘आर्टिफॅक्ट्स ऑफ द ब्रॉन्झ एज’ म्हणजे कांस्ययुगातल्या वस्तू. ‘ऑफ’च्या पुढे पद्धत, यंत्र, नमुना आहे की काळ, लोक, जागा आहे, ते बघा. आणखी एक चांगली खूण: वैद्यकीय लिखाणात हा शब्द पुष्कळदा ‘ॲन’शिवाय, धूळ किंवा गोंगाट असावा तसा एकवचनी येतो. पुरातत्त्वात तो नेहमी मोजता येतो.

स्पेलिंगवरून अर्थ ठरवू नका. ब्रिटिश लिखाणात मधे ‘ई’, अमेरिकन लिखाणात ‘आय’. ‘ई’वालं रूप लॅटिन ‘आर्ते’च्या जवळचं, ‘आय’वालं आर्टिफिशियलच्या वळणाचं. देवनागरीत मी सगळीकडे ‘आर्टिफॅक्ट’च लिहिते, नाहीतर एकाच पुस्तकात ‘आर्टेफॅक्ट’ आणि ‘आर्टिफॅक्ट’ दोन वेगळे शब्द वाटतात.

राहिलं लिंग. मूळ शब्द तसाच ठेवायचा झाला तर वस्तूच्या अर्थी मी तो नपुंसकलिंगी वापरते: ते आर्टिफॅक्ट, ती आर्टिफॅक्टं. आभासाच्या अर्थी पुल्लिंगी: तो आर्टिफॅक्ट, कारण मनात ‘आभास’ असतो. तुम्ही उलट ठरवलं तरी हरकत नाही, फक्त पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा.